पन्नास रुपये, कामतघरमार्गे

पैसा पाठवण्याच्या कलेत माणसाने मोठी प्रगती केली आहे. पाठवलेला पैसा परत मागवण्याची बाजू मात्र अद्याप विचाराधीन आहे. सन २००७ मध्ये एका मोबाइल कंपनीने एका फोनातला बॅलन्स दुसऱ्या फोनात पाठवायची सोय काढली, तेव्हा अंजूरच्या केसरीनाथला तिच्यात निव्वळ त्रेचाळीस रुपयांचा फायदा दिसला. तो असा.

त्याची बायको हौसा गुडघे शेकायला वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर गेली होती. गुडघे मोकळे झाले की तिने मिस्ड कॉल द्यायचा आणि केसरीनाथने जाऊन तिला आणायचं, असा करार होता. (मिस्ड कॉलला पैसे पडत नाहीत. या एका गुणापायी केसरीनाथ विज्ञानाला मानत असे.) पण चौथ्या दिवशी हौसाच्या फोनातला बॅलन्स संपल्याचा निरोप आला, आणि बॅलन्स शून्य असला की फोन फुकटची रिंगसुद्धा देत नाही. स्वतः जाऊन गुडघ्यांची चौकशी करायची तर रिक्षा आठ, एसटी पंधरा, जाऊन येऊन सेहेचाळीस. घरबसल्या पन्नासचा बॅलन्स पाठवायचा तर कंपनीचं शुल्क तीन. ते पन्नास खर्च होणारच नव्हते. मिस्ड कॉलला धीर म्हणून ते हौसाच्या फोनात नुसते बसून राहणार होते. सेहेचाळीसातून तीन गेले, उरले त्रेचाळीस. (रिचार्ज वज्रेश्वरीच्या दुकानातही मिळत होतं. पण त्यासाठी हौसाच्या हातात रोकड द्यावी लागली असती आणि ते धोरणात बसत नव्हतं.)

केसरीनाथने चष्मा न लावता आकडे दाबले. चष्मा खिशातच होता. वापरून काच झिजू नये म्हणून तो सहसा बाहेर काढला जात नसे. शेवटी सातऐवजी चार दाबला गेला आणि पन्नास रुपये भिवंडीच्या कामतघरात कुणाच्या तरी फोनात जाऊन पोचले.

पाठवलेलं रद्द कसं करायचं हे विचारायला तो रिक्षाने भिवंडीत कंपनीच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या रुचिकाने रीत समजावली.

"काका, रद्द होत नाही."

"मंग अर्ज?"

"अर्ज करता येतो. पण रद्द होत नाही."

"मंग अर्जाचा उपेग काय?"

"असं कसं? अर्ज केल्याची पोच मिळते ना!"

ही कार्यपद्धती केसरीनाथला मनापासून पटली. त्याने अर्ज केला, दोन रुपयांच्या झेरॉक्स जोडल्या, पोच घेतली आणि घडी घालून चष्म्याशेजारी ठेवली. मग रुचिकाच म्हणाली, "काका, ज्याला गेले त्यालाच फोन लावा की!"

फोन रहमतुल्लाने उचलला. त्याच्या मागे त्याचे कापड विणायचे बारा लूम खडखडत होते, त्यामुळे दोघांनाही सभ्यपणा ओरडून करावा लागला.

"भाऊ, माझं पन्नास तुमच्याकडं आलंय!"

"आलेत ना, काका! सकाळपासून बघतोय, किसका आया! दुसऱ्याचा पैसा आपल्याला नको. आत्ता परत मारतो!"

आणि खरंच परत आले. माणसं सर्वसाधारण प्रामाणिक असती तर प्रकरण इथेच मिटलं असतं. दुर्दैवाने ही दोघं जरा जास्त प्रामाणिक होती.

परत पाठवताना रहमतुल्लाचे तीन रुपये शुल्कापोटी कापले गेले होते. ते त्याने का भरावेत? केसरीनाथ तीन रुपये पाठवायला बसला. पण कंपनीच्या नियमाप्रमाणे दहाच्या खाली काही जात नाही, म्हणून दहा पाठवले. वर शुल्क तीन. रहमतुल्लाकडे सात जास्त झाले. दुसऱ्याचे सात तो कसे ठेवील? त्याने दहा पाठवले. वर शुल्क तीन. आता त्याचे सहा गेले.

"अंजूरचा मानूस कुनाचं सहा रुपयं खाईत न्हाय!" केसरीनाथने फोनवर बजावलं आणि दहा पाठवले.

"और कामतघर का आदमी चार रुपया ज्यादा नहीं लेता, काका!" रहमतुल्लाने बजावलं आणि दहा पाठवले.

जो तो दुसऱ्याचं नुकसान मोजत होता. स्वतःचं मोजणं दोघांनाही हलकेपणाचं वाटत होतं. प्रत्येक दहाआधी कळवण्याचा एक फोन आणि नंतर पोचल्याचा एक. मूळचे पन्नास केसरीनाथच्या फोनात कधीच परत आले होते आणि ते हौसाला पाठवता आले असते. पण जुनं खातं मिटल्याशिवाय नवं उघडायचं नाही, हा त्याचा बाणा.

तिसऱ्या दिवशी दुपारी, बाविसावा व्यवहार होऊन तेविसाव्याची तयारी चालू असताना, हौसा कमरेला हात लावून दारात उभी राहिली.

"एक रुपयाच्या डब्यावरनं दोन दिस फोन लावतेय. सारखा बिझी! कोनाशी बोलत व्हता?"

"रहमतुल्लाशी."

"त्यो कोन?"

"परवा वलख झाली. लय इमानदार मानूस हाय."

तिने फोन हिसकावून घेतला आणि सगळा प्रकार ऐकला. "तुमी दोगं इमानदार," ती म्हणाली, "नि पैसं मोजतोय तिसराच! गुडघं चांगलं झालं व्हतं माझं. ठमाबाई फुलवालीकडनं पंधरा उसनं घेतलं, एसटीनं आले. रिक्षाला न्हाय उरलं, फाट्यावरनं चालत आले. झालं परत जैसे थे."

एकूण भरणा पुढीलप्रमाणे. केसरीनाथ: शुल्क तेहेतीस, फोन पंचवीस, रिक्षा सोळा, झेरॉक्स दोन, एकूण शहात्तर. रहमतुल्ला: शुल्क तेहेतीस, फोन वीस, एकूण त्रेपन्न, शिवाय बोलण्याच्या नादात एका लूमवर साडेतीन मीटर कापड खराब. हौसा: पंधरा उसने, गुडघे दोन. जमा बाजूला कंपनी एकटीच: एकशे अकरा. तक्रार कुणाचीच नाही.

भरणाऱ्यांत चौथं नाव आपलं घातलं आहे. दुसऱ्याच्या पन्नास रुपयांच्या बेरजा बोटांवर तपासत आपण पाच मिनिटं बसलात. स्वतःच्या फोनातून या महिन्यात काय काय कापलं गेलं, ते अजून पाहिलेलं नाही.