बेवारस बंदुकीचा जाहीर लिलाव

एका जंगलात सगळं काही होतं. खोल डोह होता, करवंदाच्या जाळ्या होत्या, झोपाळू राजा होता. नव्हती ती फक्त बंदूक. मग एके दिवशी तीही आली. मुलांनो, ती कशी आली हे दोन ओळींत सांगून होईल. ती परत कशी गेली, ते ऐकण्यासारखं आहे. तेव्हा नीट मांडी घालून बसा, आणि ज्यांना चुळबुळ करायची आहे त्यांनी ती आत्ताच उरकून घ्या.

नदीपलीकडच्या गावात सर्जेराव नावाचा शिकारी राहायचा. त्याच्याकडे ठासणीची बंदूक होती. नळीत दारू ओतायची, वर चिंधी कोंबायची, वर छर्रे टाकायचे आणि गजाने ठासत बसायचं, असा तिचा कारभार. एका दुपारी त्याने त्या बंदुकीने एक भेकर मारलं. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहानसं हरीण. तो पुन्हा बार ठासत होता, तेवढ्यात मागून अस्वल आलं. सर्जेराव जो पळाला तो नदी ओलांडूनच थांबला. त्याचं एक पायताण, विजारीचा मागचा भाग आणि बंदूक एवढ्या वस्तू जंगलात राहिल्या. पायताण कोल्ह्याने नेलं. विजारीचा तुकडा अस्वलाने आठवण म्हणून ठेवला. बंदुकीला कोणी हात लावेना.

मेलेल्या भेकराच्या बायकोचं नाव सोनकी. तिच्या पाठीशी एक पाडस होतं, अजून नीट भुंकताही न येणारं. ती राजाच्या सभेत आली आणि तिने एवढंच मागितलं की ही बंदूक डोहात टाका. माझं पाडस मोठं व्हायचं आहे, म्हणाली. सगळ्यांना ते पटलं. चार माकडं बंदूक उचलायला पुढेही झाली.

मुलांनो, गोष्ट इथेच संपली असती. पण त्या जंगलात खवलेसाहेब होते.

खवलेसाहेब म्हणजे खवल्या मांजर. अंगभर खवले, पुढे लांब जीभ. ते तरुणपणी तालुक्याच्या कचेरीखाली बीळ करून राहिले होते. वरचं सगळं त्यांना खाली ऐकू यायचं. त्यामुळे त्यांना कायदा तोंडपाठ होता. तो कशासाठी असतो हे मात्र कचेरीत कोणी कधी बोललंच नव्हतं, मग त्यांना तरी कसं कळणार? राजा वाघ म्हातारा होता आणि सभेत बहुतेक वेळ डोळे मिटून असायचा. त्यामुळे राज्य खवलेसाहेब चालवायचे. अवघड प्रश्न आला की ते अंग गुंडाळून चेंडू व्हायचे. प्रश्न विचारणारा कंटाळून निघून गेला की पुन्हा उलगडायचे.

साहेबांनी माकडांना थांबवलं. बेवारस हत्यार सापडलं की ते सरकारजमा होतं, आणि सरकारजमा माल बुडवणं हा गुन्हा आहे, असं त्यांनी समजावलं. त्याचा जाहीर लिलावच करावा लागतो.

सोनकीने विचारलं, "मग मीच विकत घेते. एकदा माझी झाली की मी तिचं काहीही करीन. चालेल का?"

"चालेल की," साहेब म्हणाले. "लिलाव सगळ्यांना खुला आहे. फक्त बोली लावणाऱ्याकडे परवाना पाहिजे."

जंगलाला हुरूप आला. अस्वलाने मधाची पोळी दिली, माकडांनी बोरं आणली, रानडुकराने कंद उकरले. सगळं सोनकीच्या नावाने ढिगाला लागलं. तिच्याशिवाय आणखी काही जणांनी परवान्यासाठी अर्ज केले होते, पण ते टिकले नाहीत. रानडुकराला चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळेना. माकडाचं वर्तन कसंबसं चालवून घेतलं, तर हत्यार ठेवायला त्याच्याकडे बंद होणारं घर नव्हतं. साळिंदराला घर होतं, पण अंगावर इतकी हत्यारं असताना आणखी एक कशाला, असं साहेबांनी विचारलं आणि साळिंदर लाजून परत गेलं.

सोनकीने मात्र एकेक कागद चिकाटीने जमवला. वर्तणुकीचा दाखला खुद्द राजाने दिला. मी हिच्या मागे अनेकदा धावलो, पण हिने एकदाही उलट हल्ला केलेला नाही, असं त्यात लिहिलं होतं. साळिंदराने आपलं बीळ दिलं, त्याला तोंडाशी धोंडा होता. बंदुकीचा घोडा ओढायला बोट लागतं आणि तिला तर खूर. पण तिच्या वतीने माकड घोडा ओढेल, हे साहेबांनी चालवून घेतलं. उगीच नावं ठेवू नका हं, साहेब मनाने वाईट नव्हते.

शेवटी एकच कागद राहिला. जिवाला धोका असल्याचा दाखला.

सोनकी म्हणाली की माझ्या नवऱ्याला याच बंदुकीने मारलं, आणखी काय दाखला हवा. साहेबांनी मान हलवली. तो धोका नवऱ्याला होता, म्हणाले, आणि नवऱ्याने वेळेत अर्ज केला नाही. मग तिने वाघाकडे बोट, म्हणजे खूर दाखवला. साहेब म्हणाले की राजेसाहेबांपासूनचा धोका हा पूर्वापार चालत आलेला आहे, तो धोक्यात धरत नाहीत.

"मग दाखला देणार कोण?" सोनकीने विचारलं.

"ज्याच्यापासून धोका आहे, त्याने," साहेब म्हणाले. "त्याच्याइतकी खात्रीची माहिती दुसऱ्या कोणाला असणार?"

आता तुमच्यापैकी जे शहाणे आहेत त्यांना वाटेल की सोनकीने इथे कपाळावर खूर मारून घेतला असेल आणि घरी गेली असेल. नाही. ती कायद्याने चालणारी होती. आपण नीट वागलो की आपलं नीट होतं, असं तिला आईने शिकवलं होतं, आणि मला सांगताना वाईट वाटतं, पण तिचा त्यावर विश्वास होता. तिने पाडसाला साळिंदरणीकडे ठेवलं आणि नदी ओलांडली.

सर्जेराव अंगणात पालथा पडून पाठीला तेल चोळून घेत होता. बंदूक गेल्यापासून त्याने शिकार सोडली होती. बंदूक दरीत पडली असं तो गावात सांगायचा, आणि हरवल्याची वर्दी त्याने लाजेपायी दिली नव्हती. ती दिली असती तर विजारीचंही सांगावं लागलं असतं. आता कोंबड्या पाळाव्यात असं त्याच्या मनात होतं, दोन खुराडीही बांधून झाली होती. दारात भेकर पाहून तो आधी दचकला. मग उठून बसला.

"या वैनी," तो म्हणाला. "भाऊंचं लई वाईट झालं बघा."

सोनकीने आपलं काम सांगितलं. त्याने तिच्यापुढे गुळाचा खडा ठेवला, कागद घेतला आणि तिने सांगितलं तसं लिहिलं, की सदर भेकरीच्या जिवाला माझ्यापासून धोका आहे. खाली सही केली. अक्षर वळणदार होतं.

"पन वैनी," तो कागद परत देताना म्हणाला, "ही बंदूक म्हंजी कंची? आन लिलाव कवा हाय?"

त्याने नम्रपणे विचारलं होतं. सोनकी खोटं बोलायची नाही. तिने सगळं सांगितलं. परवान्याला काय काय लागतं तेही त्याने विचारून घेतलं, आणि ती निघता निघता अस्वलाचा पत्ताही.

लिलावाच्या सकाळी माळावर सगळं जंगल जमलं. बोली पुकारायला टिटवी होती, कारण ती कुठलीही गोष्ट एकदा सांगून थांबत नाही. सोनकी पाडसाला घेऊन पुढे बसली होती. शेजारी मधाचा, बोरांचा, कंदांचा ढीग होता. माकडं तर बंदूक डोहाकडे कुठल्या वाटेने न्यायची यावर भांडत होती.

आणि नदीकडून सर्जेराव आला. एका हातात कागद, दुसऱ्या हातात मिठाची गोणी. आपली पाळी येईपर्यंत तो रांगेत उभा राहिला. धक्काबुक्की नाही, आवाज नाही. साहेबांना तो पाहताक्षणी आवडला.

त्याच्याकडे सगळं होतं. पिकाच्या राखणीसाठी घेतलेला जुना परवाना होता. सरपंचांचा वर्तणुकीचा दाखला होता. कुलपाचं घर होतं. घोडा ओढायला स्वतःचं बोट होतं, ते त्याने वाकवून दाखवलं. आणि जिवाला धोका असल्याचा दाखलाही होता, खाली अस्वलाचा पंजा उमटवलेला. अस्वल बिचारं भोळं. यांना माझ्यापासून धोका आहे हे लिहून देताना त्याची छाती फुगली होती. पुरावा म्हणून त्याने विजारीचा तुकडाही जोडला होता.

साहेबांनी तो तुकडा सर्जेरावाच्या मागे लावून पाहिला. बरोबर बसला.

मग त्यांनी सोनकीचा कागद घेतला. पुन्हा पुन्हा वाचला आणि बाजूला ठेवला.

"बाई, हा चालणार नाही," ते म्हणाले. "सही केली तेव्हा यांच्याकडे बंदूक नव्हती. बंदूक नसलेल्या माणसापासून तुम्हाला धोका कसला?"

सोनकीने कागदावरची ती वळणदार सही खुराने पुन्हा दाखवली.

"आता यांनी ही बंदूक घेतली की धोका सिद्ध होईल," साहेब समजुतीने म्हणाले. "मग तुम्ही नव्याने अर्ज करा. पुढच्या लिलावात तुम्हाला कोणी अडवणार नाही."

"पुढचा लिलाव कशाचा, साहेब? बंदूक तर एकच आहे."

साहेब गुंडाळून चेंडू झाले.

टिटवीने पुकारा केला. बोली लावायला लायक एकच जण होता, त्याने मिठाची गोणी पुढे सरकवली. टिटवी एकवार, दोनवार, तीनवार म्हणाली, आणि सवयीने आणखी बऱ्याच वेळा म्हणत राहिली. बंदूक सर्जेरावाच्या हातात गेली. सभेने टाळ्या वाजवल्या. सगळं इतकं रीतसर झालं होतं की टाळ्या न वाजवणं वाईट दिसलं असतं. सोनकीनेही सवयीने एक खूर उचलला होता. तो तिने खाली ठेवला.

साहेब उलगडले. एक राहिलंच, म्हणाले. विकलेलं हत्यार जंगलाच्या हद्दीत भरायचं नाही. खरेदीदाराने आधी हद्दीबाहेर जावं, तिथे ठासावं, आणि मग पावतीवर सही करायला परत यावं. तोवर सभा चालू आहे. राजेसाहेब उठल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही. भेकरांनी भुंकायचं तर मुळीच नाही, सभेत शांतता पाळायची.

सर्जेरावाने वाकून नमस्कार केला आणि तो हद्दीबाहेर गेला. तिथे बांधावर बसून त्याने नळीत दारू ओतायला घेतली. ते माळावरून स्वच्छ दिसत होतं. दारू झाली. चिंधी झाली. सगळं जंगल शांतपणे बघत बसलं होतं, कारण सभा चालू होती.

सोनकीने आपल्या पाडसाकडे पाहिलं. त्याचे कान बापासारखे होते. तिला इतका राग आला, इतका राग आला, की आयुष्यात पहिल्यांदा तिला परवानगी मागायची आठवणच झाली नाही. ती उभी राहिली आणि भुंकली. सभेत, राजाच्या समोर, कानठळ्या बसतील अशी भुंकली. मग पाडसाला पुढे घालून ती दुसऱ्या अंगाच्या हद्दीकडे धावत सुटली. तिच्यामागे माकडं पळाली, साळिंदरं पळाली, ज्यांना भुंकणं ऐकून पळायची जुनी खोड होती ती सगळी पळाली. टिटवी तर कधीच वर उडाली होती. अस्वल दाखला दिल्याच्या अभिमानात जरा उशिरा उठलं, पण उठलं.

सर्जेराव गज काढून परत आला तेव्हा माळावर दोघंच होते. एक चेंडू आणि एक झोपलेला राजा.

आज तुम्ही त्या गावी गेलात तर राजेसाहेब तुम्हाला सर्जेरावाच्या ओसरीवर पसरलेले दिसतील. अजून झोपलेलेच आहेत, फक्त आता पाहुणे त्यांच्यावर बसतात. वरच्या भिंतीवर लिलावाची पावती काचेत लावली आहे. खवलेसाहेबांच्या खवल्यांना एक छर्रा चाटून गेला. त्यांनी त्याबद्दल सर्जेरावाला काही विचारलं नाही, कारण त्याचे कागद पुरे होते.

सोनकीला मात्र त्यांनी सोडलं नाही. सभेत भुंकणे आणि विनापरवाना हद्द ओलांडणे याबद्दल तिला डोंगरापलीकडे नोटिसा जातात. तिचं पाडस आता चांगलं मोठं झालं आहे. नोटिसा तेच खातं. झाडांची पानं सुकी असतात तेव्हा बऱ्या लागतात, म्हणतं.

तात्पर्य: मुलांनो, कायदा नेहमी काटेकोर पाळावा. पाळणाऱ्याला बंदूक मिळते. मोडणाऱ्याचा नुसता जीव वाचतो, आणि वर नोटीस येते ती वेगळीच.