मजुराची पॅन्ट

आमच्या बशीरभाईंसमोर जीन्स घालून जाऊ नये. एकदा मोठे साहेब घालून गेले. बशीरभाईंनी सलाम ठोकला आणि विचारलं, "क्यूँ साहब, आज खदान बंद है?"

साहेबांना काही कळेना. मला कळलं, कारण ते पुराण मी रोज ऐकतो. अबूधाबीतल्या रुवैसच्या आमच्या कंपनीत बशीरभाई आधी वेल्डर, आता स्टोअरकीपर. कामगारांना बूट, हेल्मेट, कपडे देणारे. माझं टेबल त्यांच्या शेजारी, हे माझं नशीब. "जीन्स म्हणजे मजुराची पॅन्ट," ते सुरू होतात. "अमेरिकेत एका लाकूडतोड्याला पॅन्ट टिकत नव्हती. बायको शिंप्याकडे रडली. त्यानं खिशांना तांब्याची रिबिटं ठोकली. खलास! सगळे खाणवाले तीच मागायला लागले."

पुरावा भिंतीवर. त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, छापल्यात माझ्या प्रिंटरवर. "वाचा! खाणवाला हाय, शेतकरी हाय, मिस्त्री हाय. साहेब कुठं हाय? दाखवा!" अहो, शंभरदा वाचलंय, आता तरी सोडा!

खरा कज्जा मात्र घरात. रत्नागिरीला मुलगा इम्रान. त्यानं कॉलेजसाठी जीन्स मागितली, तर हे फोनवर कडाडले, "माझी जवानी वेल्डिंगमध्ये जळली, ती तुला ही घालायला लागू नये म्हणून!" पोरगा बिचारा इस्त्रीच्या पॅन्टमध्ये इंजिनीअर झाला. आम्ही पोट धरून हसायचो.

मग हसणं संपलं. इम्रानला नोकरीच मिळेना. घरी बसून बसून शेवटी त्यानं एजंट गाठला, आणि व्हिसा आला तो आमच्याच कंपनीचा. वेल्डरचा हेल्पर. पोराला ऑफिसात घ्या म्हणून बशीरभाईंनी साहेबांच्या किती विनवण्या केल्या! साहेब म्हणाले, "इन्शाल्ला, देखेंगे." याचा अर्थ इथे शेंबड्या पोरालाही कळतो.

पहिल्या दिवशी इम्रान आमच्या काउंटरसमोर रांगेत उभा. वेल्डिंगवाल्यांना आम्ही जाड डेनिम देतो. बशीरभाईंनी इतरांना विचारतात तसंच विचारलं, "साइज?"

"बत्तीस."

तो रॅकमागे जाऊन घालून आला. पॅन्ट लांब होत होती. बशीरभाई काउंटरबाहेर आले, त्याच्यासमोर खाली बसले आणि पॅन्टचे दोन्ही पाय नीट दुमडून दिले. दुमडून झालं तरी त्याचे पाय धरून बसले, उठेनात.

बाहेर साइटच्या बसचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर ओरडला, "यल्ला, यल्ला! चलो!"

"अब्बा," इम्रान हळूच म्हणाला, "पाय सोडा. बस जाईल."