उपटलेल्या रांगेची मोहीम

आकाश सर्वांचे, परंतु विमान ज्याचे त्याचे, हे जाणोन तमाम पट्टा बांधणाऱ्या आणि न बांधणाऱ्या प्रवासीजनांस जाहीर व्हावे की, थोरल्या विमान कंपनीत खुर्च्यांवरून जे रण माजले आणि ज्यात तीनपट्टी बाईसाहेबांनी बसल्या जागी फत्ते केली, त्याची हकीकत कोणाची भीड न धरिता लिहिली आहे. वाचणाराने पोट धरून वाचावी. हुजुरांची कीव करू नये.

तीनपट्टी बाईसाहेब म्हणजे थोरलीच्या सहवैमानिक. खांद्यावर सोनेरी पट्ट्या तीन. चौथी आली म्हणजे कॅप्टन, आणि कॅप्टन म्हणजे कॉकपिटातली डावी गादी. ती ज्येष्ठतेच्या क्रमानेच मिळे. बाईसाहेब वर्षानुवर्षे वादळे, धुके आणि कॅप्टनांचे तेच ते विनोद सोसोन वर सरकल्या, आणि आता त्यांच्यापुढे कोणी उरले नव्हते. एक गादी रिकामी व्हावी इतकाच अवकाश.

इतक्यात हुजुरांच्या अंगात काटकसरीचा संचार जाहाला. हुजूर म्हणजे कंपनीचे सर्वाधिकारी. विमान उडते कसे हे त्यांस ठाऊक नव्हते, पडते कितीस हे मात्र तोंडपाठ. त्यांनी फर्मान काढिले की, जवळच्या गावांचा सारा मुलूख धाकट्या कंपनीस इजाऱ्याने द्यावा. आणि मग तिकीट थोरलीचे, रंग थोरलीचा, शेपटीवरचा पक्षी थोरलीचा, आणि हाकणारे मात्र निम्म्या पगारावरचे धाकटीचे, ऐसा बेत ठरला. थोरलीची आपली विमाने मैदानाच्या टोकाला इंजिनांवर झापडे चढवून उभी राहिली, आणि जेथे विमानच नाही तेथे गादी कोठली? चौथी पट्टी दिसता दिसता ढगाआड गेली.

परंतु वैमानिकांच्या संघटनेचा हुजुरांशी जुना तह होता. त्यात कलम ऐसे की, धाकटीच्या विमानात सत्तरांहून अधिक खुर्च्या असू नयेत. एकही अधिक जाहाली तर ते विमान थोरलीचे आणि हाकणेही थोरलीच्याच वैमानिकांचे. यावर हुजुरांनी अक्कल चालविली. मोठेच विमान आणविले, त्याची शेवटची रांग मुळासकट उपटविली, तेथे गालिचा अंथरिला, कोट टांगावयास खुंटी मारविली आणि जाहीर केले की, विमान लहान जाहाले. दात पाडिल्याने हत्तीची शेळी होते, हे शास्त्र त्या दिवशी जगात प्रथम सिद्ध जाहाले.

मग वैमानिकांची मसलत बसली. जागा विश्रांतीची खोली, अध्यक्षस्थानी कॅप्टनकाका, संघटनेचे वृद्ध सेनापती, ज्यांचे निम्मे आयुष्य ढगात गेले आणि उरलेले बैठकीत. कोपऱ्यातले कॉफीचे यंत्र नाणे गिळोन नुसते गरम पाणी थुंकत होते, त्याचाही निषेध एकमताने मंजूर जाहाला. आणि मग ठरले की, सर्वांनी टोप्या घालून विमानतळाच्या दालनात मूक उभे राहावे, म्हणजे जनता पेटून उठेल. फौज उभी राहिली. जनता आली आणि विचारती जाहाली, "अहो, टॉयलेट कुठंय?" सेनापतींनी मौन न मोडिता टोपीने दिशा दाखविली. ऐसा त्या लढाईचा निकाल.

बाईसाहेब घरी येऊन बूट भिरकावत्या जाहाल्या, तो लेक म्हणाली, "आई, तुम्ही भांडायला गेलेलात की पाट्या व्हायला?"

"गप गं."

"गप काय! डावीकडे बघून बघून मान वाकडी झाली तुझी. आणि उभं राहून काय मिळालं?"

बाईसाहेबांचा खरा संताप मात्र धाकटीच्या एका कॅप्टनबाईवर होता. वय कोवळे आणि खांद्यावर चार पट्ट्या! लिफ्टमध्ये ती आदबीने "नमस्कार ताई" म्हणाली, तर बाईसाहेब "भाड्याचं घोडं" ऐसे पुटपुटून उतरल्या आणि उरलेले मजले जिन्याने चढल्या.

त्याउपरी रांग उपटलेल्या विमानाचे पहिले उड्डाण ठरले. हुजुरांनी आमंत्रणे धाडिली, आणि मग व्याही आले, विहीणबाई आल्या, साडू, मेहुणे, जावई, जावयाचे मित्र आणि मित्रांचे मित्र आले, आणि खुर्च्या पुरेनात. हुजूर वैमानिकांपुढे वाघ, विहीणबाईंपुढे मांजर. हुकूम सुटला की, गालिचा गुंडाळावा, खुंटी काढावी आणि उपटलेली रांग आजच्यापुरती पुन्हा बसवावी.

ऐशियास त्या दिवशी बाईसाहेबांस दुसऱ्या गावाहून एक विमान आणावयाचे होते. तहाचा रिवाज ऐसा की, कामावरच्या वैमानिकास नेताना प्रवाशाचीच खुर्ची द्यावी, आणि तिकडे जाणारे विमान नेमके हेच. संगणकास नातीगोती कळत नाहीत. त्यास त्या रांगेत एक खुर्ची मोकळी दिसली, ती त्याने बाईसाहेबांस देऊन टाकिली. बाईसाहेब सर्वांमागून चढल्या, मागे गेल्या आणि पाहातात तो, गालिच्याच्या जागी रांग! त्या बसल्या आणि पट्टा आवळिला.

चांगला मिशाळ हवाई सेवक धावत आला. "मॅडम, प्लीज उठा. ही रांग नाहीये."

"नाहीये? मग हे शेजारी कोण, भुतं?"

"ओ बाई, भूत कोणाला म्हणता?" साडूभाऊ खवळले.

मग पहिल्या रांगेतून खासे हुजूर चालोन आले आणि वाकून कानात बोलिले, "उतरा मॅडम. चौथी पट्टी आजच लावतो. शब्द घ्या."

त्या घटकेस बाईसाहेबांचा खांदा शिवशिवला. खोटे कशास लिहावे, हात पट्ट्याच्या कडीवर गेलासुद्धा. परंतु अशी चोरून मिळालेली पट्टी लावून उडवणार काय, उभी विमाने? आणि मागे क्रमात ताटकळलेल्यांस तोंड कसे दाखवावे? हात मागे आला.

"मी कुठं बसले साहेब? तुम्हीच बसवलंत. बोर्डिंग पास तुमच्याच कंपनीचा आहे, या रांगेच्या आकड्यासकट."

गलबला ऐकोन कॉकपिटाचे दार उघडले आणि लिफ्टमधली तीच चारपट्टी कॅप्टन बाहेर आली. तिने बोटाने डोकी मोजिली, पुन्हा मोजिली. हुजूर तिजवर गरजले की, मुकाट्याने उडव, नाहीतर नोकरीस मुकशील. तिने विमानाचे कागद पुढे धरिले.

"सर, माझ्या कागदांवर ही रांग नाहीये. असलं विमान मी नेत नाही."

आणि तिने सर्वांस उतरावयाचा हुकूम दिला. विहीणबाई म्हणाल्या, "उतरतो हो, पण तो नाश्ता तेवढा बांधून द्या." ऐसा लवाजमा पिशव्या सावरीत पायउतार जाहाला. रिकाम्या विमानात बाईसाहेबांनी शेजारची खुर्ची थोपटली. "बस गं जरा." लिफ्टमधले आपले बोलणे आठवून त्या स्वतःच जरा सरकोन बसल्या.

मग संघटनेच्या फिर्यादीवरून तहाचे पंच आले, खुर्च्यांवर बसोन उठोन पाहाते जाहाले, आणि निवाडा दिला की तह मोडिला, सबब इजारा रद्द. विमान थोरलीचे, आणि ते हाकणारे धाकटीचे वैमानिक थोरलीच्या क्रमात शेवटी सामील. हुजुरांनी पत्रक काढिले की, हा निर्णय आम्हीच प्रवाशांच्या प्रेमाखातर घेतला. कॅप्टनकाकांनी भाषण केले की, हा मूक उभे राहण्याचा विजय. दोघांनाही टाळ्या मिळाल्या. टाळ्यांस अक्कल लागत नाही.

फत्तेची नोंद येणेप्रमाणे: मुलूख सुटला, झापडे उतरली, बाईसाहेब चार पट्ट्यांनिशी डाव्या गादीवर विराजमान जाहाल्या. उजवीकडे तीच कॅप्टन, चारांच्या तीन होऊन, पगार मात्र वाढून, बसली. विमान धावपट्टीच्या तोंडाशी आले, तेव्हा नव्या कॅप्टनांनी पहिला हुकूम फर्माविला.

"हे उड्डाण तू कर."

"मी? अहो ताई, पहिलंच आहे तुमचं!"

"आपलं म्हण. आणि पुढं बघ."

ऐसे जे उड्डाण दुसऱ्यास जाऊ नये म्हणोन एवढे रण केले, ते बाईसाहेबांनी आपल्या हाताने दिले, आपल्या माणसास दिले. हुजुरांस यातला फरक कळला नाही, कळेल ऐसा संभवही नाही. विमान वर गेले. शाई वाळली. मोहीम फत्ते.