बरोबरीत अडकलेली काच

माझी बहीण कुंदाताई वैशाखात वारली, पण तिच्या गाठीचा तुकडा लावलेली तपासणीची काच एकोणीस लॅबांत फिरवल्यावर दहा लॅबांनी ‘साधी गाठ’ असं कळवलं, म्हणून तिचं मरण रद्द झालं.

लॅबांच्या गुणवत्ता तपासणीचे हत्तरगे साहेब पत्र घेऊन घरी आले. “जास्त लॅब म्हणतात तेच बरोबर धरतात. उरलेल्या नऊ लॅबांना समज दिली आहे.”

“साहेब, मी स्वतः अग्नी दिलाय.”

“ते तुमच्या बाजूने झालं. आमच्याकडे नोंद नाही. तीन महिन्यांनी पुन्हा फेरी असते. निकाल फिरला तर तुमच्या ताई परत जातील.”

दुसऱ्या दिवशी ताई एसटीने आली. तिच्या अंगाला, दवाखान्यात कापलेली गाठ ठेवतात त्या बरणीतल्या पाण्याचा वास होता. तिने आल्या आल्या भाकरी थापल्या, मी चार खाल्ल्या.

“सावकाश खा की मुडद्या, कुत्रं लागलंय का मागं?” ती म्हणाली.

तीन महिने मी तिला नजरेआड होऊ दिलं नाही.

मग साहेब मायक्रोस्कोप घेऊन आले. आमच्या गल्लीतली लॅब बंद पडली होती, उरलेल्या अठरांत नऊ-नऊ अशी बरोबरी झाली होती. लॅब बंद असेल तर शेजारचं घर धरतात, असा नियम होता.

“मी सातवी नापास आहे.”

“डोळे आहेत ना?”

मी डोळा लावला. ताईच्या आजारपणात डॉक्टरांनी मला एकदा दाखवलं होतं, चांगल्या पेशी ओळीत बसतात, वाईट एकमेकींवर चढतात. इथे त्या चढल्या होत्या. मी घाईने ‘साधी गाठ’ लिहिलं आणि सही केली.

“झालं ना साहेब? ताई राहील ना आता?”

“ही त्यांची काच आहे असं कुठे म्हटलं मी? काचेवर नाव नसतं, नंबर असतो. अशा सहा जणांच्या काचा बरोबरीत अडकल्यात. बहिणीची दुसऱ्या कुठल्या तरी घरी असेल.”

“तिथं कोण बघतंय?”

“असेल तुमच्यासारखंच कुणीतरी. बहुतेक लोक दिसेल ते लिहितात. निकाल आजच लागेल.”

ते पेटी बंद करायला लागले. आतून ताईच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. भाकरी तव्यावर टाकायला माणूस थांबतंच. मी उंबऱ्यात उभा राहून पुढच्या भाकरीची वाट बघू लागलो.