एकशे एक दिवस ‘तुमचं बरोबर आहे’

मी एकदा व्रत घेतलं होतं. एकशे एक दिवस माझ्या मुलांची तक्रार घेऊन जो कोणी दाराशी येईल, त्याला उलट उत्तर द्यायचं नाही. “माझं मूल असं करणारच नाही” हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. दार उघडायचं, खुर्ची द्यायची, शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं आणि म्हणायचं, “तुमचं बरोबर आहे.”

व्रतं मी लहानपणापासून करत आलेय. गोड न खाण्याची, न बोलण्याची, गादीवर न झोपण्याची. (आमचे हे म्हणतात, “तुझ्या व्रतांचं एक विशेष आहे. घेतेस तू आणि भोगतो आम्ही.” गादीच्या वेळी मी दोन्ही गाद्या माळ्यावर टाकल्या होत्या, त्याचा राग त्यांच्या कमरेत अजून आहे.) पण हे व्रत मुलांच्या भल्यासाठी होतं, म्हणून मी ते देवासमोर हात जोडून, मोठ्याने बोलून घेतलं. मोठ्याने बोलले तिथेच चुकलं. आमच्या भिंती पातळ आहेत.

आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं, एक जिना आणि मनात येईल तेव्हा चालणारी एक लिफ्ट. इथे मूल एकाचं असलं तरी रागवायचा हक्क चोवीस घरांचा. कोणीही मोठ्या माणसाने कोणत्याही मुलाचा कान धरावा, आणि आईने वर “बरं केलंत” म्हणावं, अशी पद्धत. मला ही पद्धत आवडते. आजही आवडते. एवढ्या डोळ्यांसमोर वाढलेलं मूल वाया जायला वेळ कुठून काढणार?

पण आठ महिने मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे घड्याळजी एकमेकांशी बोलत नव्हतो. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. घरीही डोळ्याला भिंग लावूनच बसतात. आमच्या धाकट्याने, म्हणजे टिल्लूने, चेंडू मारून त्यांची काच फोडली असं त्यांचं म्हणणं. मी भर जिन्यात सुनावलं होतं, “माझा मुलगा असं करणारच नाही!” आणि आठ महिन्यांनी टिल्लूने एका दुपारी मला तो फटका अभिनयासह करून दाखवला. आवाजासकट. त्याच संध्याकाळी मी व्रत घेतलं.

पहिल्याच दिवशी घड्याळजी आले. आठ महिन्यांचं भांडण साठवून आले होते बिचारे.

“वहिनी, तुमच्या टिल्लूने आज बेल वाजवून पळ काढला.”

“तुमचं बरोबर आहे.”

“दोनदा वाजवली.”

“तुमचं बरोबर आहे.”

“आणि मागची काच...”

“तेही बरोबर आहे. बसा ना, चहा टाकते.”

घड्याळजी बसले. एखादं बंद घड्याळ उघडावं आणि ते आपोआप चालू व्हावं तसा त्यांचा चेहरा झाला. चहा पिऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत आले. या वेळी तक्रार आठवायला त्यांना जरा वेळ लागला, पण आठवली.

आठवड्याभरात सगळ्या इमारतीला कळलं, की चौथ्या मजल्यावर तक्रार ऐकून घेतात. पाचनंतर रांग लागायला लागली. मी पुढच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीकडेने मांडल्या. शेजारची नर्समावशी म्हणाली, “अगं, आमच्या बाह्यरुग्ण विभागात तुझ्याइतकी गर्दी नसते.”

तक्रारी तरी किती! लिफ्टचं बटण चिकट झालंय, तुमची मुलं. गच्चीवरचा टॉवेल उडाला, तुमची मुलं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीची फरशी तडकलीय, तुमची मोठी. ती फरशी आम्ही राहायला आलो तेव्हापासून तडकलेली आहे, त्याला बारा वर्षं झाली. मोठी दहा वर्षांची आहे.

“तुमचं बरोबर आहे,” मी म्हणाले.

वर्तमानपत्रामागून हे म्हणाले, “जन्माच्या दोन वर्षं आधी फोडली. पोरगी हुशार आहे.”

नंतर नंतर तर आईबाप स्वतःच्या मुलांना विचारेनासेच झाले. काही मोडलं, सांडलं, हरवलं, की “चौथा मजला” म्हणून मोकळे. बाकीच्या वीस-पंचवीस पोरांची चंगळ झाली. एक तर कुंडी पाडून शांतपणे आमच्या दारापर्यंत आला आणि फुटका तुकडा देऊन म्हणाला, “काकू, हे तुमच्याकडे.”

आणि माझी मुलं? सुरुवातीला मोठी पाय आपटायची.

“मी नाही केलं!”

“माहीत आहे गं मला. पण ‘चुकलं’ म्हण. आईचं व्रत आहे.”

“तुझं व्रत आहे तर तू म्हण.”

“मोठ्यांना उलट बोलू नये.”

दोन-तीन आठवड्यांत दोघं इतकी तयार झाली, की बेल वाजली की टिल्लू धावत जाऊन दार उघडायचा आणि म्हणायचा, “चुकलं. काय झालंय?” आधी माफी, मग चौकशी. लोक हरखून जायचे. “याला म्हणतात संस्कार!” असं अध्यक्षबाई स्वतः म्हणाल्या. अध्यक्षबाई म्हणजे आमच्या सोसायटीच्या अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापिका. तीस वर्षं शाळेत कोणाला चांगलं म्हटलेलं नाही, अशी त्यांची ख्याती. खालच्या मजल्यावरच्या एका आईने तर आपल्या मुलाला तासभर आमच्याकडे बसायला पाठवलं, बघून शिकावं म्हणून. मी अशी फुगले होते म्हणता! देवासमोर उभी राहिले की मला वाटायचं, तोही मनातल्या मनात “तुमचं बरोबर आहे” म्हणत असणार.

मग शाळेतून टिल्लूच्या वर्गशिक्षिकांची चिठ्ठी आली. भेटायला या.

“तसा शांत आहे हो,” त्या म्हणाल्या, “पण काल मी वर्गात विचारलं, दिवस आणि रात्र कशामुळे होतात? तर हा उभा राहिला आणि म्हणाला, ‘चुकलं बाई, पुन्हा नाही होणार.’”

मी हसले. घरी येऊन यांना सांगितलं, हेही हसले. मोठी मात्र हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात माझ्या हातून कप निसटला. माझ्याच. आत दुसरं कोणी नव्हतं. टिल्लू तीन भिंतींपलीकडे, बाल्कनीत चित्र रंगवत बसला होता. कप फुटल्याचा आवाज झाला आणि बाल्कनीतून लगेच उत्तर आलं, “चुकलं, आई!”

आणि मी, त्याची सख्खी आई, सवयीने म्हणाले, “असू दे. पुन्हा करू नकोस.”

मग मी तिथेच तुकड्यांशेजारी बसले. थोड्या वेळाने टिल्लू केरसुणी घेऊन आला. मी म्हटलं, “अरे, तू कुठे फोडलास? माझ्या हातून पडला.”

त्याने विचार केला. सहा वर्षांचं मूल किती विचार करू शकतं तेवढा केला आणि म्हणाला, “पण मी वाईट आहे ना? म्हणून पडला असेल.”

अठ्ठावन्नावा दिवस होता तो. त्रेचाळीस उरले होते. आजवर एकही व्रत मी मोडलेलं नाही, तापात नाही, बाळंतपणात नाही. पण त्या दुपारी मला एवढं कळलं, की आपलं मूल स्वतःला वाईट समजायला लागलं तर ते व्रत नव्हे, ती शिक्षा आहे, आणि तीही भलत्यालाच.

मी देवाला सांगितलं, की आता पुढचा माणूस तक्रार घेऊन आला की मी हे मोडणार.

हे म्हणाले, “देव काय म्हणाला?”

“काही नाही.”

“मग तुझं बरोबर आहे.”

पुढचा माणूस आला नाही, पुढची सभाच आली. रविवारी सकाळी तळमजल्याच्या हॉलमध्ये, मुलांसकट सगळ्यांनी हजर राहावं असा निरोप. अध्यक्षबाईंनी ‘सुसंस्कृत मुलांसाठी एकवीस नियम’ टाइप करून, काचेच्या फळ्यात लावले होते. हळू बोलावे, जिन्यात धावू नये, लिफ्टमध्ये दुसऱ्यांना आधी जाऊ द्यावे, खोटे बोलू नये, असे. त्या कागदाच्या तळाशी कोणीतरी लाल पेनने लिहिलं होतं, ‘हे सगळे नियम मोठ्या माणसांनाही लागू आहेत.’

अध्यक्षबाईंनी तो कागद फळ्यातून काढून वर धरला. “हे कोणाचं काम आहे, ते मला विचारायची गरज वाटत नाही.”

चोवीस घरांच्या माना आमच्याकडे वळल्या. अगदी सवयीने. माझ्या शेजारी टिल्लूने तोंड उघडलं. ‘चु’ एवढं बाहेर आलंही होतं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि उभी राहिले. पण मी बुटकी. मागच्यांना दिसेना, म्हणून खुर्चीवर चढले.

“माझ्या मुलांनी हे केलेलं नाही!”

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावून माझ्याकडे बघितलं.

“वहिनी, तुमचं व्रत...” कोणीतरी म्हणालं.

“मोडलं!” मी म्हणाले. “आत्ता मोडलं, सगळ्यांदेखत मोडलं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. बारा वर्षांपूर्वीची फरशी माझ्या दहा वर्षांच्या पोरीच्या नावावर घातलीत, मी ऐकलं. मुलं दोन दिवस आजीकडे होती तेव्हा त्यांनी इथे नळ उघडा टाकला म्हणालात, मी चहा दिला. माझी चूक! पण माझा मुलगा आता कप माझ्या हातून फुटला तरी माफी मागतो. त्याला मी नम्र करायला निघाले होते, घाबरट नाही. आजपासून माझ्या दाराशी जो येईल त्याने पुरावा घेऊन यावं!”

नर्समावशीने टाळी वाजवली. एकच, पण वाजवली. माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. इथे मी थांबायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच खुर्चीवर चढलेली बाई थांबते होय?

“आणि हा कागद!” मी बोट रोखलं. “माझ्या मुलांना लाल पेनला हात लावायची परवानगी नाही. हे ज्या कोणाच्या मुलाने लिहिलं असेल, त्याच्या आईने आधी स्वतःकडे बघावं! ती बाई दिवसभर करते तरी काय? संस्कार नावाची वस्तू त्या घरात औषधालासुद्धा नसणार!”

माझा पदर कोणीतरी ओढला.

“आई,” मोठी म्हणाली. हळू, पण तिचा आवाज खणखणीत आहे, शेवटच्या रांगेपर्यंत जातो. “ते मी लिहिलंय.”

कुठे बघावं ते मला कळेना. उंचावर असल्यामुळे सगळीकडचंच दिसत होतं. हे खाली मान घालून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “मग बाळ, काय म्हणायचं असतं?”

“चुकलं म्हणणार नाही,” मोठी म्हणाली. “सगळ्यांसमोर लिहायला हवं होतं, ते गुपचूप लिहिलं, तेवढं चुकलं. पण लिहिलेलं बरोबर आहे. तिथे लिहिलंय खोटं बोलू नये, आणि फरशी मी फोडलेली नाही.”

अध्यक्षबाई पाणी प्यायला टेबलाकडे वळल्या आणि पेला कलंडला. सगळं पाणी हिशेबाच्या वहीवर. पुन्हा चोवीस घरांनी टिल्लूकडे बघितलं. त्याने तोंड उघडलं, बहिणीकडे बघितलं, आणि इतक्या मोठ्याने ओरडला, की नियम क्रमांक एकचा जागच्या जागी भंग झाला.

“मी नाही केलं!”

“नाही रे बाळा,” अध्यक्षबाई वही झटकत म्हणाल्या. “माझाच हात लागला. चुकलं माझं.”

तीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. खुद्द त्यांनीही नसावं. मग त्यांनी कागद होता तिथे परत लावला, लाल ओळीसकट. काच बंद केली आणि चष्म्यावरून वर बघितलं. “ठीक आहे. मोठ्यांनाही लागू. नियम सतरा, सभेत आवाज चढवू नये. नियम अठरा, खुर्चीवर उभे राहू नये. पहिली तक्रार कोणाविरुद्ध नोंदवायची, ते सांगायला हवं का?”

मी म्हणाले, “तुमचं बरोबर आहे.” या वेळी मनापासून.

खाली उतरताना मात्र पाऊल टेकेना. शेवटी घड्याळजी भिंग खिशात टाकून आले आणि मला दोन्ही हातांनी धरून उतरवलं.

आता मी नवं व्रत घेतलंय, आणि त्याला दिवसांची मोजदाद नाही. तक्रार आली, की ना “तुमचं बरोबर आहे” म्हणायचं, ना “माझं मूल असं करणारच नाही” म्हणायचं. आधी मुलाला जवळ घ्यायचं, विचारायचं आणि ते जे सांगेल ते ऐकायचं. तुमच्याही घरात मुलं असतील. माझं ऐका, तुम्हीही हेच व्रत घ्या, आजच घ्या. मूल “मी नाही” म्हणालं, तर खुशाल त्याच्यामागे उभं राहा. आणि “हो, मीच” म्हणालं, तर तुम्ही निदान जमिनीवर असाल. शेजाऱ्यांना उतरवायला बोलवावं लागणार नाही.