आहेर मॅडमचा काळा भुगा

आमच्या जिन्यात आहेर मॅडम समोरून आल्या की आधी आपल्या हातातल्या कचऱ्याच्या डब्यात डोकावतात, मग आपल्याकडे बघतात. डब्यात मटारची टरफलं असली तर चेहरा खुलतो. "फेकताय? आधी मला विचारत जा हो," म्हणत त्या पिशवी पुढे करतात. नुसती बटाट्याची सालं असली तर "बरं, तब्येत कशी आहे?" एवढ्यावर आपली बोळवण होते. सोसायटीत घंटागाडी पोहोचायच्या आत मॅडमचा फेरा झालेला असतो.

मॅडम रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. कॉलेजने प्रेमापोटी की धाकापोटी कोण जाणे, प्रयोगशाळेतली एक खोली अजून त्यांना वापरू दिली आहे. आमची टरफलं तिथे भट्टीत जातात. "काय जाळता हो एवढं?" असं मी एकदा विचारलं आणि फसलो.

"जाळत नाही. हवा लागू न देता भाजते. जाळलं की राख, भाजलं की कोळसा. विमा विकता ना तुम्ही? मग एवढा फरक कळायला हवा."

विम्याचा इथे काय संबंध, ते मला आजही कळलेलं नाही. बाकीचं मात्र त्यांनी जिन्यातच समजावलं. हा कोळसा त्यांना फ्युएल सेलसाठी हवा होता. फ्युएल सेल म्हणजे एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा. मधून वीज निघते आणि उरतं ते निव्वळ पाणी. धूर नाही, आवाज नाही. अडचण एकच. हायड्रोजन आणि हवेतला प्राणवायू आपणहून पुढे सरकत नाहीत, मध्यस्थ लागतो. ते काम प्लॅटिनम उत्तम करतं, पण त्याच्या भावामुळे सेल सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जातो. मॅडमना तेच काम लोखंडाकडून करून घ्यायचं आहे. टरफलांत नायट्रोजन असतो. त्यात किंचित लोखंड घालून भाजलं की काळा भुगा मिळतो, आणि तोच मध्यस्थी करतो. म्हणजे करायला हवा.

प्लॅटिनमवर त्यांचा राग जवळजवळ खाजगी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या साखरपुड्यात तिची प्लॅटिनमची अंगठी सगळ्या बायका कौतुकाने बघत होत्या. मॅडमनी ती हातात घेतली, उजेडात धरली आणि हळहळल्या, "काय सुंदर सेल झाले असते याचे." वर नेहमीचं वाक्य होतंच, "लोखंडात भागत असेल तर सोनाराकडे कशाला जायचं?" मुलाच्या आईने अंगठी लगेच परत मागून घेतली.

मागच्या ऑक्टोबरात त्या मला दिंडोरीला घेऊन गेल्या. द्राक्षबागांची छाटणी चालू होती, बांधावर काड्यांचे ढीग पडले होते. मॅडम हरखल्या. पोती भरून आणली, भाजली, आणि भुग्याने भलतेच आकडे दाखवले. आठवडाभर त्या तेच आकडे पुन्हा पुन्हा तपासत राहिल्या. मग उलगडा झाला. बुरशी लागू नये म्हणून वेलीवर बोर्डो फवारतात, त्यात मोरचूद असतं, म्हणजे तांबं. लोखंडाच्या कामात तांब्याने लुडबूड केली होती. आम्ही पुन्हा गेलो. मॅडमनी बागाईतदाराकडे बिनफवारणीची काडी मागितली. तो बिचारा टोपी काढून डोकं खाजवत राहिला.

"बिनफवारणीची? मॅडम, अशी काडी आपल्याकडं नाय. तुम्हाला लय लांब जावं लागंल."

तेव्हापासून मॅडम पुन्हा मटारावर आहेत.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो यंदाच्या जानेवारीत, टरफलांची पिशवी द्यायला. आहेरकाका खिडकीशी खुर्चीत बसले होते. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी जन्मभर इंजिनं जोडली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून बोलणं एखाद-दुसऱ्या शब्दावर आलं आहे. समोरच्या टेबलावर हायड्रोजनच्या छोट्या सिलिंडरला जोडलेला काडेपेटीएवढा सेल होता आणि त्यावर हातभर अंतरावरही वारा लागणार नाही असा एक इवलासा पंखा फिरत होता. काकांची नजर त्यावरून हलत नव्हती.

"चालू आहे," त्यांनी मला सांगितलं.

दिवाळीत मॅडमनी हा सेल घरी आणल्याचं मी ऐकलं होतं. लोखंडाचा भुगा इतका टिकला म्हणजे कमालच. मी मनापासून म्हणालो, "मॅडम, जिंकलात की."

त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार ओढून घेतलं.

"त्यात प्लॅटिनम आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लोखंडाचा पंधरा दिवसांत मंदावला आणि बंद पडला. पडणारच, अजून जमलेलं नाही मला. पण लक्ष ठेवायचं काम यांच्याकडे दिलं होतं. यांना वाटलं, आपल्याच हातून बिघडला. दोन दिवस जेवले नाहीत. लुळ्या डाव्या हातावर उजव्या हाताने मारत बसायचे." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "मग हे झोपलेले असताना बदलला. माझा जमेपर्यंत हाच राहू दे. तुम्ही बोलू नका कुठे."

मी पिशवी ओट्यावर ठेवली.

बाहेरून काकांनी हाक दिली, "चालू आहे."

मॅडम लगबगीने बाहेर गेल्या, टेबलाशी वाकल्या, पंखा या बाजूने आणि त्या बाजूने नीट बघितला.

"हो की," त्या म्हणाल्या. "तुमचं लक्ष आहे म्हणून मला काळजी नाही."