भोयेभाऊंची मायामी

अमेरिकेतल्या मायामी शहराची माहिती हवी असेल तर अमेरिकेला जायची काही गरज नाही. मोखाड्याला एसटी स्टँडसमोर माझा टेलिफोन बूथ आहे. तिथल्या बाकड्यावर पंचायत समितीचे कारकून भोयेभाऊ बसलेले असतात. माहिती हवी असो वा नसो, मिळतेच.

“हे फार कोणाला ठाऊक नाय हां,” अशी सुरुवात. “मायामीच्या किनाऱ्यावर वाळू ट्रकनं आणून टाकतात!”

ऐन उन्हाळ्यात हे ऐकून पोशेऱ्याची एक म्हातारी म्हणाली, “म्हंजे आपल्यासारखंच की! आपल्या विहिरीत टँकरनं पाणी ओततात.” ही तुलना भाऊंना मुळीच आवडली नाही.

ते शहर म्हणे एका बाईनं वसवलं. लोकांच्या बागेत मगरी फिरतात. एकदा तर बर्फही पडला. वा! स्वतः भाऊंनी डहाणूचा समुद्रही पाहिलेला नाही. खोडाळ्याहून दाखल्यासाठी आलेला माणूस दाखल्याऐवजी मगरी घेऊन परत जायचा.

या सगळ्याला कारण शकू, त्यांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेली. नर्सिंगचं थोडंफार शिकून शकू मुंबईत एका श्रीमंत घरी आजीबाईंच्या सेवेला लागली आणि ती माणसं तिला मायामीला घेऊन गेली. बाजाराच्या दिवशी तिचा फोन माझ्या बूथवर येतो. येणारा फोन, म्हणजे मला दमडी मिळत नाही. वर भाऊंना कमी ऐकू येतं म्हणून मी स्पीकर लावून द्यायचा आणि भाऊंनी तिलाच तिच्या शहराची माहिती द्यायची. बिचारी “हो बाबा, हो बाबा” करते.

यंदा मात्र कहर झाला. पावसाळ्याआधी आमच्याकडे घरोघरी सुक्या मासळीची बेगमी करतात. भाऊंनी बोंबीलवालीला तोंडावर सांगितलं, “आम्हाला नको. पोर समुद्राकाठी राहते, तीच पाठवेल.” अख्खा बाजार हसला.

त्याच दिवशी फोन आला. बूथबाहेर ही रांग.

“बाय, तिकडं सुके बोंबील काय भाव?”

पलीकडून एकदम हुंदका.

“बाबा, मी अजून समुद्रच नाय बघितला. आजीला सोडून खाली जाऊ देत नाहीत. खिडकीतून नुसत्या गाड्या दिसतात. मला परत यायचंय रे. पण तू गावभर सांगून ठेवलंस, आता कुठल्या तोंडानं येऊ?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्पीकर बंद करायला गेलो तर भाऊंनी हात धरला.

“राहू दे. ऐकू दे सगळ्यांना.” मग ओरडलेच, “शकू, तू ये! मला काय करायचंय त्या गावाचं? तू गेलीस नि घर खायला उठलं. तुझ्याशी बोलायला काहीतरी हवं, म्हणून जुने पेपर धुंडाळत बसायचो गं!”

“पुढल्या महिन्यात ही माणसं मुंबईला येतायत. त्यांच्याबरोबर येऊ?”

“ये.”

मग कोणीच बोलेना. भाऊ माझ्याकडे वळले. “लाइन कटली काय रे?”

“नाय भाऊ. रडतेय ती.”

“मग राहू दे चालू,” म्हणाले, आणि रिसीव्हर कानाला लावून तसेच बसून राहिले.